कोटेशनमधला ‘डेडिकेटेड’ सर्व्हर आणि १९९६ चे मॉडेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकारी संस्थांनी आपले सर्व्हर ऑफिसात सांभाळत न बसता डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावेत, असा सल्ला देणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. सल्ला योग्यच आहे. जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर ठेवून, गळक्या एसीखाली बादली लावून ज्यांनी इयर एंड काढला आहे त्यांना तो पटवून द्यावा लागत नाही. माझी हरकत एकाच मुद्द्याला आहे. ‘डेडिकेटेड’ सर्व्हर घेतला की अख्खे मशीन आपले, असा भरवसा लेखकाने दिला आहे. मशीन असते तिकडे नवी मुंबईत, महापे-रबाळ्याच्या बाजूला कुठेतरी. आपण ते डोळ्यांनी पाहिलेले नसते. मग ते अख्खे आपले आहे हे आपल्याला सांगते कोण? कोटेशन.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग पाहतो. विभाग म्हणजे मी आणि माझी एक सहकारी, आणि गर्दीच्या वेळी तीही काउंटरवर जाते. संस्थेने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या कोटेशनवर ‘डेडिकेटेड फिजिकल सर्व्हर, १६ कोअर, ६४ जीबी रॅम’ असे स्वच्छ छापले होते आणि भाडेही त्याच हिशेबाने लावले होते. पुरवठादाराचे नाव लिहीत नाही. प्रकरण मिटले आहे, आणि असे करणारा तो एकटा नाही.

तक्रार सुरू झाली पिग्मीपासून. संध्याकाळी एजंट आपापल्या मशीनमधले कलेक्शन अपलोड करू लागले की सर्व्हर रांगायला लागायचा. बरे, रोज तसे होते म्हणावे तर तेही नाही. बाजाराच्या दिवशी, म्हणजे कलेक्शन जास्त असताना, कधीकधी सगळे सुरळीत चालायचे आणि एखाद्या रिकाम्या दिवशी घोडे अडायचे. सॉफ्टवेअरवाला म्हणे नेट बघा, नेटवाला म्हणे सॉफ्टवेअर बघा. वसुली अधिकारी दोघांनाही शिव्या घालत.

आमचा सर्व्हर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे. लिनक्समध्ये ‘टॉप’ नावाची साधी कमांड असते. प्रोसेसरचा वेळ कशात जातो आहे ते ती टक्क्यांत दाखवते. त्या ओळीत अगदी शेवटी ‘एसटी’ असा एक आकडा येतो, स्टील टाइम, म्हणजे चोरीला गेलेला वेळ. बहुतेक लोक तिथपर्यंत वाचतच नाहीत. आपल्या मशीनला काम करायचे होते, पण त्या क्षणी प्रोसेसर दुसऱ्या कोणाच्या कामाला जुंपलेला होता, असा वेळ तिथे मोजला जातो. खऱ्या मशीनवर तो शून्य असतो. वाटेकरीच नाही तर वाटणी कसली? आमच्याकडे संध्याकाळी तो वीस-पंचवीस टक्क्यांवर जात होता.

शंका आल्यावर पुढचे शोधायला फार वेळ लागत नाही. मशीनच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये त्याची कुंडली लिहिलेली असते: उत्पादक कोण, मॉडेल कोणते, सिरियल नंबर काय, रॅमच्या पट्ट्या कोणत्या खाचेत आणि कोणत्या कंपनीच्या. ‘डीएमआयडीकोड’ ही कमांड ती वाचून दाखवते. डेलचे मशीन असेल तर तिथे ‘पॉवरएज’ दिसते, एचपीचे असेल तर ‘प्रोलायंट’. आमच्या मशीनचा उत्पादक निघाला ‘क्यूईएमयू’. रॅमच्या पट्ट्यांचा उत्पादकही तोच. आणि मॉडेलच्या जागी हे शब्द होते: ‘स्टँडर्ड पीसी (आय४४०एफएक्स + पीआयआयएक्स, १९९६)’.

तो प्रिंटआउट मी संचालकांच्या सभेत ठेवला. आमचे एक ज्येष्ठ संचालक, ज्यांना संगणकातले काही कळत नाही असे आम्ही समजतो, त्यांनी चष्मा वर करून नेमके तेवढेच वाचले आणि टेबलावर हात आपटला: “अहो चेअरमनसाहेब, ह्यांनी आपल्याला ९६ सालचं मशीन दिलंय! भंगारात सुद्धा कोणी घेणार नाही!” निदान चुकीचे होते, पण सभेला विषयाचे गांभीर्य त्या एका वाक्याने कळले ते माझ्या चार पानी टिपणाने कळले नसते.

खुलासा असा, की क्यूईएमयू नावाची कंपनी नाही. ते एक सॉफ्टवेअर आहे. एका मोठ्या खऱ्या मशीनच्या पोटात ते अनेक नकली मशीन उभी करते आणि त्या प्रत्येकाला ‘तू स्वतंत्र पीसी आहेस’ असे भासवते. भासवायला त्याने इंटेलचा १९९६ सालचा जुना चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा संच) निवडला आहे, कारण तो जवळजवळ प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला ओळखता येतो. तेव्हा मशीन नवे होते, मात्र आमचे नव्हते. त्यातला एक वाटा आमचा होता. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि हा वाटणीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर.

एकदा कळल्यावर खुणा जिकडेतिकडे दिसू लागतात. नेटवर्क कार्डाच्या जागी ‘रेड हॅट व्हर्टआयओ’ असे नाव. रेड हॅट ही सॉफ्टवेअरची कंपनी, ती कार्डे बनवत नाही. हार्ड डिस्कचे नाव ‘एसडीए’ऐवजी ‘व्हीडीए’. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा ओळखक्रमांक, ५२:५४:०० ने सुरू होणारा, जो केव्हीएम (लिनक्समधलाच हायपरव्हायझर) आणि क्यूईएमयूच्या मशीनना सहसा मिळतो. (व्हीएमवेअर हे तसलेच दुसरे सॉफ्टवेअर असेल तर बहुधा ००:५०:५६, व्हर्च्युअलबॉक्स असेल तर ०८:००:२७.) घड्याळ कशावर चालते असे विचारले तर उत्तर ‘केव्हीएम-क्लॉक’. डिस्कची तब्येत विचारली तर डिस्क गप्प, प्रोसेसरचे तापमान विचारले तर सेन्सरच नाही. ज्यांना एवढी झटापट करायची नसेल त्यांच्यासाठी अलीकडच्या बहुतेक लिनक्समध्ये ‘सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ अशी एकच कमांड असते. खऱ्या मशीनवर ती ‘नन’ म्हणते. आमच्याकडे तिने ‘केव्हीएम’ म्हटले.

आमच्या भागात डेअरीला अर्धा लिटर दूध घातले तरी मशीन लावून फॅट मोजल्याशिवाय दर लागत नाही. ठेवीदारांच्या पैशातून वर्षानुवर्षे भाडे भरायचे त्या सर्व्हरला मात्र कोणी मशीन लावत नाही. कोटेशनवर विश्वास ठेवायचा आणि चेक फाडायचा.

पुरवठादाराचे उत्तर आले, आणि ते अगदीच फेटाळण्यासारखे नव्हते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. त्यांचे म्हणणे असे: अख्खे मशीन तुमचेच आहे, बॅकअप आणि देखभालीच्या सोयीसाठी मध्ये हायपरव्हायझरचा एक थर टाकला आहे, त्यावर पाहुणा एकच, आणि तो तुम्ही. तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. बऱ्याच कंपन्या स्वतःच्या मालकीच्या मशीनवरही असे करतात. पण मग स्टील टाइमचे काय? एकच पाहुणा असेल आणि सगळे कोअर त्याचे असतील, तर त्याला रांगेत थांबावे का लागते? एवढ्या मोठ्या आकड्याला मुख्यतः दोनच शक्यता उरतात. एक तर मशीनवर दुसरेही कोणी आहे, किंवा आमच्या प्रोसेसरवर मुद्दाम मर्यादा घातली आहे. कोटेशनमध्ये दोन्ही नव्हते. महिनाभराचे आकडे वेळेसह लावून पाठवल्यावर पत्रव्यवहाराची भाषा बदलली. आता आम्ही खऱ्या मशीनवर आहोत आणि मधल्या काळातल्या भाड्यातला फरक पुढच्या बिलांत वळता झाला.

पण या पत्रामुळे उद्या एखादी संस्था भलत्याच पुरवठादाराच्या मागे लागू नये, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका संस्थेने नेमके तेच केले. त्यांचा सर्व्हर विंडोजचा. विंडोजमध्ये ‘सिस्टिमइन्फो’ ही कमांड दिली की शेवटी कधीकधी ‘हायपरव्हायझर आढळला आहे’ अशा अर्थाची ओळ येते. ती पाहून त्यांनी थेट नोटीस पाठवायची तयारी केली. वर त्याच यादीत उत्पादक डेल आणि मॉडेल पॉवरएज असे लिहिले होते, तिकडे कोणाचे लक्ष नाही. झाले होते असे, की त्या विंडोजमध्ये हायपर-व्ही ही सुविधा चालू होती. ती चालू केली की खालचे मशीन खरे असले तरी विंडोज स्वतःच हायपरव्हायझरवर बसते आणि तीच ओळ दाखवते. काही सुरक्षा सुविधा चालू असल्या तरी तसेच होते. मशीन खरे होते, पुरवठादार बिचारा प्रामाणिक होता. एका खुणेवर कोणाला चोर ठरवू नये. चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर मात्र विचारावे.

खुणा बनावटही करता येतात. क्यूईएमयूला उत्पादकाचे नाव ‘डेल’ सांग म्हटले तर ते सांगते. व्हीएमवेअरमध्ये खालच्या खऱ्या मशीनची माहिती वरच्या नकली मशीनमध्ये दाखवण्याची सोय आहे. ‘मी हायपरव्हायझरखाली आहे’ हे सांगणारा प्रोसेसरमधला बिटही लपवता येतो. या सोयी मुळात फसवण्यासाठी बनवलेल्या नाहीत, काही सॉफ्टवेअरची लायसन्स विशिष्ट कंपनीच्या मशीनवरच चालतात त्यासाठी त्या लागतात. पण हत्यार हातात असले की ते कशासाठी वापरायचे हे हाताळणारा ठरवतो.

लपवायला सर्वांत अवघड असतो तो वेळ. गेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी १९७४ साली व्हर्च्युअल मशीनच्या अटी मांडल्या, त्या आजही शिकवल्या जातात. त्यांतली एक अट अशी, की प्रोग्रॅम नकली मशीनवर चालवला तरी खऱ्या मशीनसारखाच वागला पाहिजे. त्यांनी अपवाद दोनच ठेवले: हाताशी साधने किती आहेत आणि कामाला वेळ किती लागतो. पन्नास वर्षे झाली, कारखान्यासारखी डेटा सेंटर उभी राहिली, पण त्या दुसऱ्या अपवादातून सुटका नाही. ‘सीपीयूआयडी’ ही प्रोसेसरची ओळख विचारणारी सूचना घ्या. खऱ्या मशीनवर ती साधारण शे-दोनशे क्लॉक सायकलमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या तेवढ्या ठोक्यांत, संपते. व्हर्च्युअल मशीनवर इंटेलच्या प्रोसेसरला ती सूचना आली की काम थांबवून हायपरव्हायझरकडे जावेच लागते, आणि तो परतेपर्यंत हजाराच्या वर सायकल उडतात. हा फरक मोजणारे प्रोग्रॅम छोटे असतात. व्हायरस लिहिणाऱ्यांनाही ही युक्ती चांगली माहीत आहे. आपल्याला तपासणीसाठी नकली मशीनवर चालवले जात आहे असे दिसले की काही व्हायरस साळसूदपणे काहीच करत नाहीत.

हे सगळे झाले सर्व्हरमध्ये लॉगिन असेल तर. नुसता वेबसाइटचा पत्ता टाकून घरबसल्या सांगता येते का, असे मला आमच्याच एका संचालकांच्या चिरंजीवांनी विचारले. नीटसे नाही. पिंगमधून, म्हणजे मशीनला दुरून हाक मारून ते उत्तर देते का हे पाहण्यातून, ते खरे की नकली हे कळत नाही. मॅक पत्ता राउटरच्या पलीकडे येत नाही, त्यामुळे आपल्या पीसीवर जो दिसतो तो आपल्याच राउटरचा असतो. या गैरसमजावर मी लोकांना पैजा लावताना पाहिले आहे. आयपी पत्ता एखाद्या क्लाउड कंपनीचा निघाला तर व्हर्च्युअल असण्याची शक्यता जास्त, पण अॅमेझॉनसारख्या कंपन्याही २०१७ पासून अख्खे मशीन, ज्याला धंद्यात ‘बेअर मेटल’ म्हणतात, भाड्याने देतात. २००५ साली कोनो, ब्रॉइडो आणि क्लॅफी या संशोधकांनी एक नामी गोष्ट दाखवली होती. प्रत्येक मशीनचे घड्याळ आपल्या स्फटिकाच्या गुणानुसार किंचित पुढे किंवा मागे सरकत असते, आणि ते सरकणे दूर बसून नेटवर्कच्या पाकिटांवरून, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीच्या तुकड्यांवरून, मोजता येते. दोन वेगवेगळ्या पत्त्यांवरची मशीन अगदी सारखीच सरकत असतील तर ती एकाच खोक्यात असावीत. पतसंस्थेच्या क्लार्कने हे करावे असे माझे म्हणणे नाही.

क्लार्कलाही करता येईल अशी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत पक्की. चांगल्या प्रतीच्या खऱ्या सर्व्हरच्या आत एक दुसरा छोटा संगणक असतो, बीएमसी. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीमध्ये आयएलओ. मुख्य मशीन बंद असले तरी तो जागा असतो. त्याचा कन्सोल उघडून मागावा. त्या पडद्यावर आपल्याच सर्व्हरचा लॉगिन दिसला पाहिजे. तिथे भलत्याच हायपरव्हायझरचा पडदा दिसला तर काय ते समजावे. दुसरे म्हणजे ‘आयपीएमआयटूल’ नावाच्या कमांडने मशीनच्या तोंडावरचा ओळख-दिवा, बहुतेक वेळा निळा, लुकलुकवता येतो. शेकडो मशीनमधून नादुरुस्त मशीन सापडावे म्हणून तो दिलेला असतो. नवे मशीन ताब्यात घेताना आम्ही डेटा सेंटरमधल्या इंजिनिअरला व्हिडिओ कॉलवर रॅकपुढे उभे केले आणि इकडून कमांड दिली. दिवा लागला. मग त्याने तिथली सिरियल नंबरची पट्टी बाहेर ओढून कॅमेऱ्यासमोर धरली, नंबर आमच्या पडद्यावरच्या नंबराशी जुळला, आणि तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधी संपते तेही पाहिले. चहा गार व्हायच्या आत सगळे आटोपले.

व्हर्च्युअल सर्व्हर वाईट असतो असा माझा दावा मुळीच नाही. आमची वेबसाइट आणि एसएमएस पाठवण्याची यंत्रणा आजही व्हर्च्युअलवरच आहे आणि तिथेच राहील. ते स्वस्त पडते, हवे तेव्हा वाढवता येते, आणि खालचे मशीन बिघडले तर दुसऱ्यावर हलवता येते. बहुतेक संस्थांचे सगळे काम त्यावर भागेल. फक्त तो व्हर्च्युअलच्या भावाने घ्यावा आणि व्हर्च्युअल म्हणून घ्यावा.

भावाखेरीज आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच मोठे. व्हर्च्युअल मशीन ज्याच्या हायपरव्हायझरवर चालते त्याला तुमच्या डिस्कची प्रत तुम्हाला न कळता काढता येते. साधारण व्यवस्थेत रॅममध्ये काय चालले आहे तेही पाहता येते. बहुतेक पुरवठादार असे काही करणार नाहीत. पण कोणाकडे किल्ली आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे. शेजाऱ्यांचाही प्रश्न असतोच: जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फोरशॅडो. त्या शेवटच्या दोषात एका व्हर्च्युअल मशीनमधून खालच्या किंवा शेजारच्या मशीनच्या मेमरीतला मजकूर वाचला जाण्याचा धोका होता. त्यावर दुरुस्त्या निघाल्या. त्या खालच्या मशीनवर बसवल्या की नाही हे वर राहणाऱ्या भाडेकरूला सहसा विचारल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे सभासदांचे आधार, पॅन, सह्यांचे नमुने आहेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात काम बाहेर दिले म्हणून मूळ संस्थेची जबाबदारी सुटत नाही. उद्या काही झाले तर ठेवीदार महाप्यात जाणार नाही, आमच्या काउंटरवर येणार आहे.

आमच्या नव्या करारात आम्ही काय घातले ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर व्हावा. मशीन फिजिकल की व्हर्च्युअल हे स्पष्ट शब्दांत लिहायचे, ‘डेडिकेटेड’ हा शब्द एकटा चालणार नाही. फिजिकल असेल तर सिरियल नंबर करारातच आणि बीएमसीचा कन्सोल आमच्या हातात. व्हर्च्युअल असेल तर किती कोअर राखीव आणि किती सामायिक ते लिहायचे, आणि स्टील टाइम ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर भाडे कापायचे. वर्षातून एकदा, आगाऊ कळवून, रॅकपर्यंत जाऊन पाहण्याचा हक्क. या शेवटच्या कलमावर बरीच घासाघीस झाली; डेटा सेंटरच्या सुरक्षेचे कारण पुढे आले, ते रास्तही होते. शेवटी एकच माणूस, ओळखपत्र दाखवून, मोबाइल बाहेर ठेवून, यावर तडजोड झाली.

आपल्या लेखकमहोदयांना विनंती, की पुढच्या लेखात अशा करारातल्या अटींवर लिहावे. त्यांचे लिखाण आमच्यासारख्या संस्थांत वाचले जाते. आणि वाचकांत सहकार खात्याच्या लेखापरीक्षणाशी संबंधित कोणी असतील तर त्यांनी संगणकाच्या प्रश्नावलीत ‘सर्व्हर फिजिकल की व्हर्च्युअल, आणि हे कशावरून ठरवले?’ असा एक प्रश्न घालता येतो का ते पाहावे. सध्याचा प्रश्न ‘सर्व्हर आहे का?’ असा आहे आणि त्यावर आम्ही गेली कित्येक वर्षे ‘होय’ लिहीत आलो आहोत.

कळावे.

आपला,
एका पतसंस्थेचा संगणक विभागप्रमुख, जि. सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)